अमेरिकेचं विमान, मग जहाज: नाना-माईंची कोविड टेस्ट कधी, कुठे आणि कुठली?

(हे उत्तर मे २०२२ मधलं आहे. यातले नियम, सोयी आणि किमती सगळ्या तेव्हाच्या, आता त्या लागू नाहीत. अमेरिकेने विमानाआधीची टेस्ट जून २०२२ मध्ये आणि परदेशी नागरिकांची लसीची अट मे २०२३ मध्ये काढून टाकली.) अमळनेरच्या एका ताईंनी विचारलंय. सासरे ७१ वर्षांचे, सासूबाई ६६ च्या. ताई त्यांना नाना आणि माई म्हणतात, मीही इथे तसंच म्हणते. २५ मे २०२२ ला, म्हणजे २४ ची मध्यरात्र उलटल्यावर, १ वाजून ४० मिनिटांनी मुंबईहून विमान, मध्ये एक थांबा, तिथून ह्यूस्टन. ह्यूस्टनला ताईंचे दीर असतात. त्यांनी ५ जूनचं, रविवारचं, गॅल्व्हस्टन बंदरातून निघणारं आठवड्याचं क्रूझ आईवडिलांसाठी बुक केलंय. नानांना शुगर आहे आणि जानेवारीअखेर कोविड होऊन गेला. ताईंचा प्रश्न असा: "२२ तारखेला जळगावला आरटी-पीसीआर केली तर ७२ तासांच्या आत बसते ना? आणि तोच रिपोर्ट जहाजावर चालेल का?"

ताई, दोन्हींचं उत्तर "नाही" असंच आहे. मी मायक्रोबायोलॉजिस्ट आहे, जळगावात लॅब चालवते. परदेशी जाणाऱ्यांचे रिपोर्ट आमच्याकडे २०२१ पासून सतत होत आले आहेत आणि तुमच्यासारखाच हिशेब मांडून येणारे पुष्कळ भेटतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

७२ तासांचा आकडा लोकांच्या डोक्यात पक्का बसलाय, कारण भारतात येणाऱ्यांसाठी आणि बऱ्याच देशांसाठी तो नियम होता. अमेरिकेचाही आधी तीन दिवसांचा होता. ६ डिसेंबर २०२१ पासून त्यांनी तो एका दिवसावर आणला. लस झालेली असो वा नसो, दोन वर्षांवरच्या प्रत्येक विमान प्रवाशाला तो लागू आहे. जहाजाची टेस्ट ही दुसरी, वेगळी टेस्ट. ती अमेरिकेत पोहोचल्यावर, जहाजाच्या तारखेवरून मागे मोजून करायची. म्हणजे एका रिपोर्टवर दोन्ही कामं होत नाहीत. इथून निघताना एक, तिथे एक, अशी सरळ विभागणी मनात करून टाका.

आता "एक दिवस" म्हणजे काय, तिथेच सगळ्यांत जास्त लोक अडकतात. अमेरिकेचा नियम तास मोजत नाही, तारीख मोजतो. विमान ज्या तारखेला सुटतं ती तारीख किंवा तिच्या आदली तारीख, या दोनपैकी एका दिवशी नमुना घेतलेला हवा. तुमचं विमान रात्री १.४० चं, म्हणजे तिकिटावर २५ तारीख. पण आपल्या घरात सगळे म्हणणार, "२४ च्या रात्री निघायचंय." मग एक दिवस आधी म्हणून २३ ला संध्याकाळी टेस्ट करून येणार. विमान सुटायला जेमतेम तीस तास उरलेले असतात, रिपोर्ट ताजा असतो, तरी काउंटरवर तो चालत नाही. उलट विमान २४ च्या रात्री ११ ला असतं, तर २३ ला सकाळी सहाला घेतलेला नमुनाही चालला असता. मुंबईहून अमेरिकेकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, म्हणून हे नीट लक्षात घ्या. तुमच्यासाठी तारीख एकच, २४ मे, मंगळवार. त्या दिवशी सकाळपासून कधीही.

मधल्या थांब्याचं काय? पूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर असेल आणि थांबा २४ तासांहून कमी असेल, तर मोजणी मुंबईच्या विमानावरूनच होते. तुम्ही एकच तिकीट आहे असं लिहिलंय, तरी दिरांकडून पीएनआर एकदा तपासून घ्या. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं जोडलेली असली तर सगळं गणित बदलतं. थांबा ज्या देशात आहे त्याचे नियम एअरलाइनच्या साइटवर वेगळे वाचा.

कुठली टेस्ट? इथे माझं मत स्पष्ट आहे: दोघांचीही रॅपिड अँटिजेन, लॅबमध्ये केलेली. अमेरिकेला अँटिजेन चालते, पीसीआर प्रकारातली कुठलीही चालते, ट्रूनॅट किंवा सीबीनॅटसुद्धा चालते. "आरटी-पीसीआर म्हणजे खरी टेस्ट, अँटिजेन म्हणजे कामचलाऊ" असं आपल्याकडे दोन वर्षं ऐकून लोकांना वाटतं की पीसीआर केलेली बरी. आजारी माणसाचं निदान करायचं असेल तर मीही पीसीआरच करायला सांगते. पण प्रवासाच्या आदल्या दिवशी दोन गोष्टी आड येतात.

पहिली वेळेची. पीसीआरच्या यंत्रावरचं काम दीड-दोन तासांचं असतं, पण त्याआधी नमुन्यातून आरएनए वेगळा काढायचा, नमुने जमून बॅच लावायची, मग नोंद आणि रिपोर्ट. सध्या नमुने कमी येतात, त्यामुळे बॅच भरायला उलट वेळ लागतो. तालुक्यातून घेतलेला नमुना जिल्ह्याला किंवा त्याहून पुढे जातो. सकाळच्या नमुन्याचा रिपोर्ट संध्याकाळी मिळेलही, पण "मिळेलही" यावर अमेरिकेचं विमान अवलंबून ठेवू नये. अँटिजेनचा निकाल पंधरा ते तीस मिनिटांत हातात असतो.

दुसरी गोष्ट नानांची. पीसीआर विषाणूचे तुकडे मोजते, तो जिवंत आहे की मेलेला हे तिला कळत नाही. कोविड होऊन गेलेल्या काही माणसांच्या नाकात हे तुकडे कित्येक आठवडे, क्वचित तीन महिन्यांपर्यंत सापडत राहतात. माणूस ठणठणीत, कुणाला लागण करत नाही, आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह. नानांना आता चार महिने होतील, त्यामुळे ही शक्यता बरीच कमी झालीय. पण शून्य धरण्याचं कारण नाही आणि उगाच ती ओढवून घेण्याचंही नाही. अँटिजेनला पॉझिटिव्ह यायला नाकात विषाणू भरपूर लागतो, म्हणून जुन्या आजाराचे अवशेष तिच्यात सहसा दिसत नाहीत.

याला जोडूनच कुणीतरी तुम्हाला सांगेल की नानांना टेस्टच नको, बरं झाल्याचं डॉक्टरांचं पत्र न्या. तशी सवलत खरोखर आहे: आधीचा पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि प्रवासाला हरकत नसल्याचं डॉक्टरांचं पत्र. पण तो पॉझिटिव्ह रिपोर्ट विमानाच्या आधीच्या ९० दिवसांतला हवा. जानेवारीअखेरचे ९० दिवस एप्रिलअखेर संपले. तो रस्ता आता बंद आहे.

आता टेस्ट कुठे करायची? याला एकच उत्तर नाही, तुमची गाडी, मुंबईतले नातेवाईक आणि नानांची तब्येत यावर ते ठरेल. २४ ला सकाळी सातला जळगावात किंवा अमळनेरातच टेस्ट करून धुळ्यावरून आग्रा रोडने निघालात, तर संध्याकाळपर्यंत मुंबई गाठता येते. याचा फायदा म्हणजे पॉझिटिव्ह आलं तर माणूस आपल्या घरात असतो, आपल्या डॉक्टरजवळ असतो. तोटा असा की रिपोर्टवर पासपोर्ट नंबर चुकला, नाव चुकलं, तर ते कळतं मुंबईत काउंटरवर, आणि लॅब राहते चारशे किलोमीटर मागे. शिवाय मे महिन्यातलं ऊन, कसाऱ्याचा घाट आणि ७१ वर्षांचा शुगरचा माणूस. त्याच रात्री पुढे विमानात बसायचंय. मला हे एका दिवसात कोंबणं पटत नाही.

मी तुमच्या जागी असते तर २३ ला पहाटे उन्हाआधी गाडी काढली असती, कल्याण-ठाण्याला नातेवाइकांकडे मुक्काम केला असता आणि २४ ला सकाळी नऊपर्यंत तिथल्या मान्यताप्राप्त लॅबमध्ये अँटिजेन करून घेतली असती. दुपारी बारापर्यंत छापील रिपोर्ट हातात, चुकला तर दुरुस्तीला अख्खी दुपार. मुंबई विमानतळाच्या टर्मिनल २ वरही निघणाऱ्यांसाठी टेस्टची सोय आहे. पण ती अडचणीतली शेवटची वाट समजा, पहिली नको. तिथे पॉझिटिव्ह आलं तर सामानासकट रात्री टॅक्सी शोधायची वेळ येते.

पण मग घरापासून इतक्या लांब पॉझिटिव्ह आलं तर? म्हणून त्याआधी घरच्या घरी चाचपणी करायची. कोविसेल्फसारखं घरगुती किट साधारण अडीचशे रुपयांना मिळतं. २० ला एकदा आणि २२ ला संध्याकाळी एकदा, दोघांची करा. हा निकाल कुठल्याच काउंटरवर चालत नाही, तो फक्त तुमच्यासाठी आहे. २२ ला दुसरी रेघ उमटली तर निदान गाडी काढायच्या आधी कळेल. आणि हे किट घेताना आपल्याकडची एक अडचण आहे, ती मुंबई-पुण्याच्या माणसाच्या लक्षात येत नाही. किट २ ते ३० अंशांत ठेवायचं असतं. आपल्याकडे सध्या ४३-४४ अंश चाललंय. पत्र्याच्या दुकानात आठ दिवस पडलेलं किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर दोन तास राहिलेलं किट खराब झालेलं असू शकतं, आणि खराब किट बऱ्याचदा "निगेटिव्ह" दाखवतं किंवा किट चालू असल्याची खूण असलेली कंट्रोलची रेघच उमटवत नाही. एसी असलेल्या मेडिकलमधून घ्या, घरात सगळ्यांत थंड खोलीत ठेवा, फ्रिजच्या दारात ठेवलं असेल तर वापरायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा.

रिपोर्टबद्दल लॅबमध्ये आधी फोन करून हे सगळं विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी अँटिजेनचा निकाल तोंडी सांगतात आणि पोर्टलवर नोंद करून मोकळे होतात. तुम्हाला लेटरहेडवर छापील रिपोर्ट लागेल. त्यावर लॅबचं नाव, पत्ता आणि फोन, टेस्टचा प्रकार, नमुना घेतल्याची तारीख, निकाल, पूर्ण नाव आणि जन्मतारीख किंवा पासपोर्ट नंबर, हे सगळं इंग्रजीत हवं. जन्मतारीख आणि पासपोर्ट नंबर मी दोन्ही लिहायला सांगते. नमुना घेतल्याची तारीख आणि रिपोर्टची तारीख वेगवेगळ्या छापलेल्या हव्यात, कारण काउंटरवर पहिली बघतात. क्यूआर कोड असेल तर उत्तम. आपल्याकडून परदेशी जाणाऱ्यांच्या आरटी-पीसीआर रिपोर्टवर तो २२ मे २०२१ पासून सक्तीचा केला होता, तेव्हापासून काउंटरवरची मंडळी कुठल्याही रिपोर्टवर तो शोधतात.

नावाचा घोळ आपल्याकडे फार होतो. आधारवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. माईंच्या आधारवर नवऱ्याचं पूर्ण नाव, पासपोर्टवर फक्त आद्याक्षर. लॅबवाला आधार मागतो आणि त्यावरून टाइप करतो. तुम्ही आधार देऊच नका, पासपोर्टची झेरॉक्स द्या आणि "यावरून लिहा" म्हणून सांगा. पाटलांच्या घरात तर एकाच नावाची दोन माणसं एकाच रांगेत उभी असतात, तेव्हा पासपोर्ट नंबरच कामाला येतो. रिपोर्ट हातात आला की तिथेच उभं राहून एकेक अक्षर वाचा.

लसीच्या प्रमाणपत्राचं काम मात्र आजच करा. अमेरिकेत जाणाऱ्या परदेशी नागरिकांना दोन्ही डोस लागतात. कोविशील्ड चालते, आणि ३ नोव्हेंबर २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाल्यापासून कोव्हॅक्सिनही चालते. लसीच्या कोविन पोर्टलवर पासपोर्ट नंबर जोडायचा आणि परदेश प्रवासासाठीचं वेगळं प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं. त्यावर नुसतं वय नसून पूर्ण जन्मतारीख येते. नाव पासपोर्टप्रमाणे नसेल तर तिथेच दुरुस्ती होते, पण ती नेहमी त्याच दिवशी होईल असं नाही. हेच प्रमाणपत्र जहाजवाले पण मागतील. तिसऱ्या डोसचं विचारलंय: १२ मे २०२२ पासून परदेशी जाणाऱ्यांना दुसऱ्या डोसनंतर ९० दिवस झाले की तो घेता येतो. नानांना आजारातून उठून तीन महिने झालेत, त्यांनी घ्यावा असंच मी म्हणेन. पण लवकर, निघायच्या निदान पाच-सहा दिवस आधी, म्हणजे अंगदुखी-कणकण आली तरी उतरलेली असेल. लसीमुळे टेस्ट पॉझिटिव्ह येत नाही, ही भीती मनातून काढा.

आता जहाज. अमेरिकेतल्या क्रूझ कंपन्या लस झालेल्यांकडून चढायच्या आधीच्या दोन दिवसांतली टेस्ट मागतात, काही तीन दिवस देतात. कंपनीगणिक फरक आहे, म्हणून दिरांनी आपल्या बुकिंगच्या पानावरचाच नियम वाचावा, मित्राच्या अनुभवावर जाऊ नये. दोन दिवस धरले तर ५ जूनच्या रविवारसाठी ३ जून, शुक्रवार हा सगळ्यांत लवकरचा दिवस. मी शुक्रवारीच सकाळी करा म्हणेन, कारण काही बिघडलं तर शनिवार हातात राहतो. अपॉइंटमेंट आठवडाभर आधी घेऊन ठेवा. ३० मेच्या सोमवारी तिथे मेमोरियल डेची सुट्टी आहे, तेव्हा फोनाफोनी त्याच्या आधीच उरकलेली बरी.

दीर म्हणतील, "घरात सरकारने पाठवलेली किट आहेत, त्यावर करू." ती फुकट किट चाचपणीपुरती. जहाजाला घरगुती टेस्ट चालते, पण फक्त व्हिडिओ कॉलवर अधिकृत माणसाच्या नजरेखाली केलेली, ज्याचा रिपोर्ट ई-मेलने येतो. अशी किट वेगळी विकत मिळतात. ती दोन-चार जास्तीची आणून ठेवा, कारण एखादी निकामी निघते. नाहीतर फार्मसीत जाऊन अँटिजेन करायची. नाना-माईंना तिथला विमा नसणार, आणि विमा नसलेल्यांच्या मोफत टेस्टचा सरकारी निधी मार्चमध्येच थांबला, तेव्हा खर्च किती हे आधी विचारून घ्या. जहाज परत गॅल्व्हस्टनला लागेल तेव्हा टेस्ट लागणार नाही, कारण अमेरिकेचा नियम विमानाने येणाऱ्यांपुरता आहे. मात्र जहाज मध्ये परदेशी बंदरांत थांबतं, त्यामुळे व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, एवढं बघा.

पॉझिटिव्ह आलं तर काय, हे आत्ता घरात बसून ठरवा, २४ तारखेला लॅबच्या दारात नको. २४ ला दोघांपैकी कुणी पॉझिटिव्ह आलं तर प्रवास साधारण दहा दिवस पुढे जातो. नंतर तोच पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि डॉक्टरांचं पत्र घेऊन नवी टेस्ट न करताही विमानात बसता येतं. म्हणजे अमेरिका हुकत नाही, पण ५ जूनचं जहाज हुकतं. एअरलाइन तारीख बदलून देते का, क्रूझ कंपनी पैसे परत देते की पुढच्या सफरीसाठी ठेवते, हे दिरांनी आजच वाचून ठेवावं. जहाजाच्या टेस्टला एकजण पॉझिटिव्ह आला तर त्याच केबिनमधल्या दुसऱ्यालाही बहुधा चढू देत नाहीत, तेही गृहीत धरा. एक मात्र करू नका. एका लॅबमध्ये पॉझिटिव्ह आलं म्हणून दुसरी, दुसरीत आलं म्हणून तिसरी, असं निगेटिव्ह मिळेपर्यंत फिरणारी माणसं मी पाहिली आहेत. शंका असेल तर लगेच एक पीसीआर करून घ्या, मी ती करायलाच सांगते, पण तिचा निकाल मग मान्य करा.

हे मी नियमाच्या धाकाने सांगत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात डायमंड प्रिन्सेस जहाज अडकलं होतं. त्यावर ३,७११ माणसं होती आणि त्यांतल्या ७१२ जणांना लागण झाली. तेव्हा लस नव्हती, आज परिस्थिती खूप बरी आहे. तरी जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या जहाजावर लस घेतलेल्यांतही ६६ जण पॉझिटिव्ह निघालेच. एकाच हॉलमध्ये जेवण, तेच जिने, तीच लिफ्ट. जहाजावर छोटा दवाखाना असतो, पण ७१ वर्षांच्या शुगरच्या माणसाला भर समुद्रात ऑक्सिजन लागला तर मोठं हॉस्पिटल पुढच्या बंदरात असतं. ती टेस्ट नानांच्यासाठीच आहे.

म्हणूनच शेवटचं आणि मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटणारं. तुम्ही लिहिलंय की २० ला पारोळ्याला पुतणीचं लग्न आहे. आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊन गेली, लग्नसराई जोरात आहे, नाना घरातले मोठे, त्यांना "जाऊ नका" म्हणणं किती अवघड आहे ते मला कळतं. पण २० ला लागण झाली तर ती नेमकी २३-२४ ला टेस्टमध्ये दिसते. जायचंच असेल तर लग्न लागेपर्यंत, मोकळ्या मांडवात, एन-९५ लावून थांबावं. आदल्या रात्रीची हळद, जेवणाची पंगत आणि बंद हॉलमधला गोतावळा टाळावा. आशीर्वाद द्यायला नवरा-नवरी निघायच्या आधी घरी येतील, तुम्ही आधीच बोलून ठेवा. विमानातही मास्क पूर्ण वेळ. अमेरिकेतली विमानातली मास्कसक्ती १८ एप्रिल २०२२ ला कोर्टाच्या निकालाने गेली, त्यामुळे शेजारचा लावेलच असं नाही.

२४ ला स्वॅब घेणाऱ्याला नानांच्या रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, नाकातून रक्त येऊ शकतं. घशाचा स्वॅब घेणार असतील तर अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मशेरी काही नको. नियम दर महिन्याला बदलताहेत, म्हणून २० मेनंतर एअरलाइन आणि क्रूझ दोन्हींची पानं पुन्हा उघडून बघा. विमानाची वेळ मागेपुढे झाली, विशेषतः मध्यरात्रीच्या अलीकडे आली, तर इथेच लिहा, तारखा पुन्हा मांडून देते.